जोत्यातले बारा झरोके

आमच्या चॅपेलबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करावी हेच मला सुचत नाही. दारापासून करावी तर दाराला आता सरकारी कुलूप आहे. म्हणून जोत्यापासूनच सांगते. जे काही पाप झालं ते जोत्यातच झालं, आणि ते माझ्या या हातांनी झालं.

सातारा मागं टाकून सांगलीकडं निघालं की उसाच्या पट्ट्यात आमचं गाव लागतं. गावाबाहेर मिशनची मुलींची शाळा होती, बाजूला मुलींचं बोर्डिंग, आणि दोन्हीच्या मधोमध हे चॅपेल. गावातली माणसं त्याला 'पोरींचं देऊळ' म्हणायची, कारण सकाळ-संध्याकाळ तिथनं पोरींच्याच गाण्याचा आवाज यायचा. माझा बाप तिथला चौकीदार. आई बोर्डिंगच्या चुलीवर भाकऱ्या थापायची. चौथी झाली आणि मीही आईच्या हाताखाली चुलीशी बसले. पुढचं वाचणं-लिहिणं गीतांच्या पुस्तकावरून माझं मीच शिकले. तेव्हा माझ्या लिहिण्यात इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

इमारत शंभर वर्षांहून जुनी. नेमकी किती, ते कागद बघून सांगणारे सांगतील. मला माहीत आहे ते बापाकडून ऐकलेलं, आणि त्यानं त्याच्या बापाकडून ऐकलेलं. काळा दगड जवळच्याच खाणीतला. चुना घाणीत मळलेला, बैल फिरवून, त्यात गुळाचं पाणी आणि हिरडा घालून. खिडक्यांच्या कमानी टोकाला निमुळत्या, जोडलेल्या हातांसारख्या. वर छपराचे तिकोनी सागवानी सांगाडे, म्हणजे कैच्या, आणि त्यांच्यावर मंगलोरी कौलं. प्रत्येक कैचीच्या पायाखाली भिंतीतून पुढं आलेला लाकडी घोडा आहे, कैचीचं वजन पेलणारा. चॅपेल बांधवून घेणाऱ्या मिशनच्या मडमबाईंनी कागदावर तो साधा काढून दिला होता म्हणे. पण सुतार होता वाड्यांची कामं केलेला. त्यानं प्रत्येक घोड्याच्या टोकाला केळफूल कोरलं. मडमबाई म्हणाल्या, हे कशाला? तो म्हणाला, "बाईसायेब, टोक बोडकं सोडलं तर लाकूड रडतंय." बाईंनी ऐकलं. म्हणून आमच्या चॅपेलमध्ये क्रुसाच्या दोन्ही अंगांना केळफुलं लोंबतात. बाहेरगावचे पाहुणे वर बघून हसतात. आम्हाला कधी त्यात वावगं वाटलं नाही.

आणि जमीन लाकडाची. फरशी नाही, फळ्या. कारण खालची माती काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पोरी खाली मांडी घालून बसायच्या, बाकं नव्हतीच. त्यांना ओल लागू नये म्हणून जोतं छातीएवढं उंच उचललं, त्यावर तुळ्या टाकल्या आणि तुळ्यांवर फळ्या ठोकल्या. खाली पोकळी. पाय आपटला की ढोलासारखा आवाज. चपला पायरीवर काढून आत गेलं की तळव्याला ते लाकूड कोमट लागायचं.

त्या पोकळीला बाहेरून झरोके होते. लांबच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा, मांजर शिरेल एवढे, ओतीव लोखंडाच्या विरळ जाळीचे. बारा म्हणून आम्ही पोरांनी त्यांना येशूच्या बारा शिष्यांची नावं ठेवली होती. ज्याच्यात मांजर विते तो कोण, यावरून भांडणं व्हायची.

दरवर्षी दसऱ्याच्या आधी बाप काठीनं झरोक्यांतली जाळी-जळमटं, पक्ष्यांची घरटी काढायचा. मग पश्चिमेच्या एका झरोक्यापाशी ओलं गवत पेटवायचा. धूर आत ओढला जायचा. आम्ही धावत इमारतीला वळसा घालून पलीकडं जायचो. थोड्या वेळानं पूर्वेच्या झरोक्यांतून धुराच्या बारीक दोऱ्या बाहेर. आम्ही टाळ्या वाजवायचो. बाप कमरेवर हात ठेवून नुसता बघायचा. मला वाटायचं, तो मांजरं हाकलतोय. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. आज त्या न विचारण्यापायी माझा जीव जातोय.

बापामागं चॅपेलची किल्ली आणि झाडलोट माझ्याकडं आली. पुढच्या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली असतील. पाऊस ओसरत आला होता आणि संध्याकाळची प्रार्थना चालली होती. माण तालुक्याकडची एक मुलगी खांबाजवळ बसली होती. तिथली फळी कोपऱ्याला फुटली होती. त्या फटीतून घोणस वर आली आणि पोरीच्या पायाला डसली. तिला जीपमध्ये घालून आम्ही दवाखान्यात नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पोर वाचली, पण दोन बोटं काढावी लागली.

चौथ्या दिवशी माण तालुक्यातनं पालक आले. त्या मुलुखात पाऊस नाही, पीक नाही, निम्मे बाप मुंबईला. मोठ्या जिवावर पोरी आमच्याकडं ठेवलेल्या. एक म्हातारा हेडबाईंना म्हणाला, "बाई, नात शिकाय धाडली हुती. सापाच्या बिळावर बसवाय न्हाई." त्याच दिवशी सात पोरी ट्रंका घेऊन गेल्या. आणखी तितक्याच गेल्या असत्या तर बोर्डिंग बंद पडलं असतं. हेडबाई ऑफिसात दार लावून रडल्या. मी बाहेरून म्हटलं, "बाई, दोन दिवस द्या मला."

साप आत शिरायची वाट म्हणजे ते झरोके. आम्ही चौघीजणी होतो, सगळ्या बोर्डिंगच्या कामवाल्या. पाण्याच्या टाकीच्या कामातलं सिमेंट उरलेलं होतं. दगड भरले, सिमेंट ओतलं, बाराच्या बारा झरोके बुजवले. थापीवर माझा हात चांगला. नुसतं बुजवून मला पटेना. सिमेंटात चुलीची काजळी कालवली, दगडाचा रंग आणला, आणि ओलं होतं तवर खिळ्यानं दगडाच्या सांध्यासारख्या रेघा ओढल्या. दोन हातांवरून बघितलं तरी कळू नये इतकं बेमालूम. पालकांना पुन्हा बोलावलं. त्यांनी इमारतीभोवती फिरून हातानं चाचपून बघितलं. सातातल्या पाच पोरी परत आल्या. हेडबाईंनी माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. तेवढा मान मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. खोटं कशाला सांगू, त्या मानावर मी कितीतरी वर्षं काढली.

पुढं गावोगाव शाळा झाल्या, बोर्डिंगची गरज उरली नाही, आणि एक दिवस शाळाही मिटली. वर्गांच्या खोल्या पडल्या. चॅपेल तेवढं उभं राहिलं. मग पुरातत्त्व खात्याचे कुणी साहेब येऊन बघून गेले आणि 'संरक्षित वास्तू' असा फलक लागला. आम्ही पेढे वाटले. नंतर उमजलं, संरक्षित म्हणजे आता खिळाही ठोकायचा तर परवानगी लागणार. आम्ही एकोणीस घरं रविवारची उपासना तिथं करतो. त्यासाठी करार झाला. किल्ली आमच्याकडं राहील, पण वापरणाऱ्यांच्या हातून वास्तूचं नुकसान झालेलं दिसलं तर ती खात्याकडं जाईल. सही केली माझ्या धाकट्या दिरानं. तो लष्करातून निवृत्त झालेला, मंडळीचा, म्हणजे आमच्या एकोणीस घरांचा, सेक्रेटरी. कागदाला फार मानतो.

जमीन मधूनच दबायला लागली. गेल्या वर्षी एका लग्नात, लग्न लावणाऱ्या पाळकसाहेबांचा उजवा पाय फळीतून गुडघ्यापर्यंत आत गेला. ते तसेच एका पायावर उभं राहून नवरा-नवरीला आशीर्वाद देत राहिले. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. एक व्याही म्हणाले, "पाळकसायेब, पाताळातबी मंडळी हाय का बघा!" मीही हसले. दुसऱ्या दिवशी झाडायला गेले आणि त्या भोकातून तुळईला बोट लावलं. बोट आत गेलं. चहात बुडवलेल्या पावासारखी तुळई.

खात्याकडून एक तरुण मॅडम आल्या, जुन्या इमारतींचं शिकलेल्या. दोन दिवस ठोकून, मोजून, फोटो काढून बघत होत्या. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले तर त्या जोत्याशी उकिडव्या बसलेल्या.

"आजी, एक कोडंच आहे बघा," त्या म्हणाल्या. "असल्या लाकडी जमिनीला जोत्यात झरोके असतातच. खाली वारा खेळला तर लाकूड शंभर-दोनशे वर्षं टिकतं. वाईला मी असं एक घर बघितलंय, खडखडीत आहे. इथं एकही झरोका नाही. इतकं देखणं काम करणारी माणसं हेच कसं विसरली?"

मी चहाची बशी जोत्यावर टेकवली. मला ते ओलं गवत दिसलं, पलीकडून निघणाऱ्या धुराच्या दोऱ्या दिसल्या. बाप मांजरं हाकलत नव्हता. वारा चालतोय का ते बघत होता.

"मग आता वो?" मी विचारलं.

"आता काय, मूळ बांधणीतलाच दोष म्हणून लिहावं लागेल. मग फळ्या काढायच्या, पोकळी मुरूम टाकून भरायची आणि वर काँक्रीट. माझं मन घेत नाही. काळ्या मातीवर काँक्रीट बसलं की ओल भिंतीतून वर चढणार, चुना सोडवणार. पण दुसरा आधार नाही ना माझ्याकडं. जुने नकाशेही नाहीत."

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. नाही बोलले. तशीच दिराच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. तो जेवत होता. घास तसाच हातात राहिला.

"वैनी, कुनाकुनाला म्हाईत हाय ह्ये?"

"चौघींतल्या दोघी मातीआड गेल्या. तिसरी मुंबईला लेकाकडं, तिला आता लेकबी वळखू येत न्हाई. हेडबाई गेल्या, ते पालक पांगले, बाकी कुनाला आता झरोके आठवतबी न्हाईत. ऱ्हायले मी."

"मग गप बसायचं." त्यानं ताट सारलं. "करार वाचलाय मी. वापरनाऱ्यांनी नुकसान केलं असं एकदा कागदावर आलं की किल्ली गेली. एकोनीस घरं जायाची कुठं? आन् तुमी काय वाईट केलं हुतं? पोरी वाचवल्या."

"भावजी, पर त्या मॅडम म्हनत्यात बांधनाऱ्यांची चूक. ती मानसं काय सांगाय येनार हायत का? त्यांनी केल्तं नीट. मी बुजवलं."

"मेलेल्याला कशाची लाज आलीया, वैनी! जित्यांचं बगा."

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मॅडमना आडून आडून सुचवून बघितलं. एकदा म्हटलं, "मॅडम, माझा बाप सांगायचा, जोत्यात पूर्वी हवा खेळायची." त्या हसून म्हणाल्या, "आजी, आठवणीला पुरावा लागतो. दाखवा की मला कुठं ते." दाखवायचं म्हणजे कबूल करायचं. मी पदरानं तोंड पुसलं आणि चहाचा कप उचलून निघाले.

एका दुपारी सगळे उसाच्या तोडीवर गेलेले बघून मी छिन्नी-हातोडा घेऊन पश्चिमेच्या बाजूला बसले. म्हटलं, एक जरी फुटला तर तो आपोआप सापडल्यासारखं होईल, माझं नाव येणार नाही. बघा, कसली ही अक्कल! दहा-बारा घाव घातले. मनगटात कळ आली. बरोबर भरलं होतं मी तेव्हा, जराही पोकळ ठेवलं नव्हतं. टवका निघाला तो नखाएवढा. माझ्याच कामाची मला इतकी चीड कधी आली नव्हती. तिथंच बसून रडले. मागून दीर आला. त्यानं हातोडा काढून घेतला आणि एवढंच म्हणाला, "संरक्षित वास्तूवर हातोडा? वैनी, माझ्या सहीचा तरी इचार करा." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग एके सकाळी मुरमाचा डंपर आला. मजुरांनी आतल्या फळ्या पहारीनं उचकटायला सुरुवात केली. त्या निघताना जो आवाज करत होत्या तो मला ऐकवेना. त्यातल्या कित्येक अजून चांगल्या होत्या. कडेच्या, कोरड्या, पोरींच्या बसण्यानं आरशासारख्या झालेल्या. मॅडम बाहेर फोनवर बोलत होत्या. दीर पायरीवर उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून.

मी त्याच्या शेजारून गेले. मॅडमचा हात धरला.

"मॅडम, डंपर थांबवा. झरोके हुते. मी बुजवले."

त्यांना आधी कळेचना. मी त्यांना ओढत भिंतीशी नेलं. हा एक. इथनं आठ पावलांवर दुसरा. मी हात ठेवत गेले, त्या खडूनं खुणा करत गेल्या. बाराव्यापाशी मी तिथंच खाली बसले. एका मजुरानं पहिल्या खुणेवर पहार घातली. बराच वेळ घाव बसत राहिले, मग सिमेंटाचा गड्डा बाहेर निखळला आणि आतून वास आला. कुजक्या लाकडाचा, साठलेल्या पाण्याचा, तीस वर्षांचा. मजूर तोंड फिरवून बाजूला झाला. भोकात गंजकी जाळी अजून तशीच होती.

मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आजी, तुम्ही इमारत वाचवलीत बहुतेक. पण मला हे जसं आहे तसंच लिहावं लागेल."

"लिवा," मी म्हटलं. "पयल्यांदा बांधनाऱ्यांची चूक न्हवती, ह्ये लिवा. मग माझी लिवा."

त्यांनी लिहिलं. डंपर भरलेला तसाच परत गेला. आठवड्याभरात खात्याची माणसं येऊन किल्ली घेऊन गेली. दिरानं ती माझ्या हातातून मागून घेतली आणि त्यांच्या हातात दिली. त्या वेळी तो सावधानमध्ये उभा राहिल्यासारखा ताठ होता. मॅडमना विचारलं, उघडणार कधी? त्या म्हणाल्या, आधी खालचं वाळायला हवं, दोन उन्हाळे तरी. मग चांगल्या तुळ्या कुठल्या, वाईट कुठल्या ते बघायचं. मग मंजुरी. मग सागवान मिळालं तर काम. "खोटं सांगत नाही आजी, किती वर्षं ते मला माहीत नाही." माझं वय त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

उपासना आता दिराच्या पडवीत होते. मी जाते. सतरंजीवर माझ्यासाठी जागा करतात, पण माझ्याशी बोलणं तोडल्यातच जमा आहे. एका घरची सूनबाई सरळ म्हणाली, "आत्याबाई, माझ्या सासऱ्याची मैत पडवीतनं काढायची आली, ती तुमच्यापायी." तिचं खरं होतं. त्या म्हाताऱ्याचा बाप्तिस्मा चॅपेलमध्ये झाला, लग्न तिथं झालं, आणि शेवटी कुलपाच्या बाहेर खांदेकरी दोन मिनिटं थांबले तेवढंच. मी त्या गर्दीत मागं उभी होते. जमीन फाटावी आणि मला घ्यावं असं वाटलं.

गेल्या रविवारी उपासना झाल्यावर दिरानं एक कागद काढला. कुणीतरी वजनदार माणसानं शब्द दिलाय, की मंडळीनं एकमुखानं मागणी केली तर काँक्रीटचं काम दोन महिन्यांत उरकून किल्ली परत मिळवून देतो. एकोणीस घरांच्या सह्या हव्यात. अठरा झाल्या होत्या. कागद माझ्यापुढं आला. मला वाचायला वेळ लागतो. सगळे थांबले होते. 'झरोके कायमचे बंद करून जमीन पक्की करावी' असं त्यात होतं. खाली माझं नाव, आणि पुढं मोकळी जागा.

"वैनी, झालं गेलं सोडा," दीर म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी इतकं मऊ बोलला. "तुमालाबी आत जायाचं हाय का न्हाई? आमी तुमाला तितनंच शेवटचं न्यावं, असं तुमाला वाटत न्हाई?"

वाटतं. रोज वाटतं. पेन माझ्या हातात होतं.

"भावजी, एकदा बुजवलं मी," मी म्हटलं. "तवा म्हाईत न्हवतं. आता म्हाईत हाय."

मी पेन कागदावर ठेवलं आणि कागद त्याच्याकडं सारला. त्यानं तो घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "तुमच्याबिगरबी जाईल ह्यो कागद, वैनी."

"जाईल की."

सोमवारी तो साताऱ्याच्या गाडीनं गेला. उत्तर अजून आलेलं नाही. येणाऱ्या रविवारी पडवीत जायचं की नाही, ते अजून माझं ठरत नाही.